तेराव्या महिन्यातलं पाणी

माझ्या नातीला, मेकलितला, पहिला मुलगा झाला आणि चाळीसाव्या दिवशी आम्ही त्याला बाप्तिस्म्याला नेलं, त्या वर्षीची ही गोष्ट. वर्षाचा बारावा, नेहासे महिना होता. पाऊस उतरणीला लागायला हवा होता आणि लागत नव्हता. मी पंधरा दिवसांसाठी म्हणून राजधानीला, अदिसला आले होते. पण मेकलितची आई, म्हणजे माझी लेक, हयात नाही, आणि बाळंतिणीजवळ एक तरी म्हातारी बाई लागते. तेव्हा वर्षाच्या अखेरचा पाच दिवसांचा महिना, पागुमे, उजाडला तरी मी तिच्या चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत बाळ मांडीवर घेऊन बसलेली होते.

बसलेली म्हणते, पण बसवत नव्हतं. गावाकडं नदीवरची पट्टी मी धाकट्या भावाच्या, शिबेशीच्या, हवाली करून आले होते. पट्टी म्हणजे पुलाच्या वरच्या अंगाला, काठापासून पात्रापर्यंत पायरीपायरीनं रोवलेले सहा लोखंडी खांब. त्यांच्यावर आकडे. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा पाणी कुठल्या आकड्याला लागलंय ते बघायचं आणि लिहायचं. आधी हे काम माझा नवरा करायचा. तो वारला तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते आणि अक्षरओळख होऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. साक्षरतेच्या मोहिमेतल्या एका मुलीनं देवळाच्या आवारात आम्हा बायकांना शिकवलं होतं. पाण्याच्या ऑफिसचा साहेब म्हणाला, "बाई, आकडे येतात का?" मी म्हटलं, "शंभरपर्यंत येतात. नदी त्याच्या वर गेली तर पुढचे शिकेन." काम मिळालं. पस्तीस वर्षं वही लिहिली. अलीकडे ऑफिसनं फोन दिला होता. तारीख, आकडा आणि शेरा भरायचा, बटण दाबायचं, ओळ अदिसला जायची. वही तरी मी सोडली नव्हती.

पागुमेच्या पहिल्या दिवशी सकाळी शिबेशीचा फोन आला.

"एतेये, नदी मातलीय." थोरल्या बहिणीला आमच्यात एतेये म्हणतात.

"आकडा सांग. मातलीय म्हणजे काय?"

"काल संध्याकाळी तीन वीस. आत्ता तीन नव्वद."

"मनानं नाही ना लिहिलंस? गोधडीतून?"

"तुझ्या धाकानं मी झोपेतसुद्धा खाली उतरून येतो. लिहिलं, पाठवलं. आता कॉफी पिऊ का, की तीही मोजून पिऊ?"

एका रात्रीत सत्तर सेंटिमीटर. मी मेकलितला सांगितलं. ती ज्या ऑफिसात काम करते तिथंच या सगळ्या ओळी येतात. तिची बाळंतपणाची रजा चालू होती, पण ऑफिसला ते ठाऊक नसल्यासारखे फोन यायचे आणि लॅपटॉप कायम स्वयंपाकघराच्या टेबलावर उघडा असायचा. तिनं नकाशा काढून दाखवला. देशभरातल्या चारशे पट्ट्यांचे चारशे ठिपके. आमचा ठिपका हिरवा होता.

"तीन वीस. शांत आहे, इमामा." म्हाताऱ्या बाईला आमच्याकडं इमामा म्हणतात, मोठ्या पुरुषाला गाशे.

"तो तीन नव्वद म्हणतो."

"गाशे शिबेशी काल आणि आजमध्ये गोंधळले असतील. संध्याकाळपर्यंत येईल."

संध्याकाळी आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शिबेशीनं सांगितलं, चार साठ. पाणी तांबडं झालंय, वरून आख्खी झाडं येतायत. नकाशावर हिरवा ठिपका. तीन वीस.

मी बाळ खांद्यावर टाकून खिडकीपासून शेगडीपर्यंत आणि शेगडीपासून खिडकीपर्यंत चालत राहिले. आमच्या गावाच्या दोन वस्त्या आहेत. वरची टेकडीवर, आणि खालची काठाला लागून, दोनशे बारा घरांची. शिबेशीचं घर खालच्या वस्तीत. पाणी सहाच्या आकड्याला लागलं की तिथल्या चुली विझतात, हे मला पाठ आहे.

मी गावच्या अध्यक्षाला, लेगेसेला, फोन लावला.

"वोइझेरो वुबित! बाई, शहर मानवलं का? पणतू कुणावर गेलाय?"

"रडण्यात तुझ्यावर. लेगेसे, खालची वस्ती उठव."

"वरून कागद आला की उठवतो."

"नदी कागद वाचते का?"

"नदी नाही वाचत, पण लोक वाचतात. तीन वर्षांपूर्वी अफवेवर उठवली होती, आठवतं? पाणी आलं नाही आणि एकवीस शेळ्या चोरीला गेल्या. अजून लग्नात मला कुणी पहिला घास भरवत नाही. आज मी ऑफिसला विचारलं. म्हणाले, तुमचं गाव हिरवं आहे." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि उद्या रफाएल आहे, इमामा. उद्या पाऊस पडला की पोरंथोरं अंगावर घ्यायला बाहेर येणार. त्यांना काय सांगू, आशीर्वादापासून पळा म्हणून?"

त्याचंही खोटं नव्हतं. रफाएल या देवदूताच्या दिवशीचा पाऊस आम्ही अंगावर घेतोच. मी फोन ठेवला आणि मेकलितसमोर जाऊन उभी राहिले.

"नकाशा नको. मला माझ्या पट्टीच्या ओळी दाखव."

"इमामा, ते असं एक पान उघडून दिसत नाही. चारशे ठिकाणं, चाळीस वर्षांच्या वह्या टाईप करून घातलेल्या. ऑफिसात आठ मशीन एकमेकांना जोडलीयत. फायली आपसात वाटून घेतात आणि एकाच वेळी वाचतात."

"इर्जिकीसारखं."

"हो, तसंच. आठ जण एका शेतात."

"मग माझं शेत ज्याच्या वाटणीला आलंय त्याला विचार."

ती हसली, पण विचारलं. बोटं भराभर चालली. ओळी आल्या. मी चष्मा लावून वाकले. माझ्या पट्टीचं नाव, तारीख, आकडा. सगळं ओळखीचं. शेवटची ओळ नेहासे तीसची होती, तीन वीस. खाली कोरं.

"पागुमे कुठाय?"

"पाठवलंच नसेल त्यांनी."

"शिबेशी माझ्याशी दारूबद्दल खोटं बोलेल, आकड्याबद्दल नाही. गेल्या वर्षीचा पागुमे काढ."

तिनं काढला. नेहासे तीस, आणि त्याच्या खाली एकदम नव्या वर्षाची मस्करम एक. मधले दिवस नाहीत. त्याच्या आदल्या वर्षीही नाहीत. तिनं पस्तीस वर्षं मागं जाऊन बघितलं. मी स्वतःच्या हातानं लिहिलेल्या, कंदील धरून, एकदा तर तापात लिहिलेल्या पस्तीस पागुमेंच्या ओळींपैकी एकही तिथं नव्हती.

मेकलितनं तोंडातला घास चावायचा थांबवला. मग तिनं मूळ फाईल उघडली, फोनवरून आली तशी, मशीननं हात न लावलेली. तिथं शिबेशीच्या ओळी होत्या. तीन नव्वद. चार वीस. चार साठ. तारखेच्या रकान्यात महिना तेरा.

"अरे देवा," ती म्हणाली.

"काय झालं?"

"हे वाचायचं अवजार आम्ही आयतं घेतलंय. जगभर वापरतात. मी त्याला सांगितलं होतं की हा रकाना तारखेचा आहे. आधी तारीख म्हणून वाच, मग मी ती परदेशी तारखेत बदलीन. त्याच्या देशात वर्षाला बाराच महिने. तेरावा बघितला की त्याला वाटतं, ही ओळ बिघडलेली आहे."

"मग ओरडायला काय झालं होतं त्याला? बिघडलंय म्हणून सांगायचं."

बाळ रडायला लागलं, तिनं ते माझ्याकडून घेतलं, पदराखाली धरलं आणि दुसऱ्या हातानं पडद्यावरची एक ओळ मला दाखवली. मला ती वाचता आली नाही.

"ते ओरडायचं," ती म्हणाली. "एका फायलीत एक ओळ वाकडी असली की आठही मशीन थांबायची. रोज. रोज सकाळी हेनोक सर विचारायचे, नकाशा का नाही? मग तीर महिन्यात मी हे घातलं. जी ओळ वाचता येत नाही ती टाकून दे आणि पुढं चल. आवाज करू नकोस. तेव्हापासून एक दिवस बंद पडलं नाही. मला शाबासकी मिळाली, इमामा."

"सरकार पागुमेचा पगार देत नाही," मी म्हटलं, "मशीननं कशाला धरावा?" मला तिला हसवायचं होतं. ती हसली नाही.

तिनं हेनोकला फोन केला. तिचा साहेब, माणूस वाईट नाही, पण सुट्टीच्या तोंडावर माणसं जशी बोलतात तसा बोलला. फोन टेबलावर होता, मला सगळं ऐकू येत होतं.

"मेकलित, तू रजेवर आहेस. बाळ कसंय?"

"सर, पागुमे वाचलाच जात नाहीये. सगळ्या चारशे ठिकाणांचा."

"पागुमे संपायला तीन दिवस राहिलेत. मस्करम लागला की आपोआप नीट होईल. नव्या वर्षात बसून बघू."

"सर, हे तुम्ही नदीला सांगता का? मी नंबर देते."

मग तो म्हणाला, "दुरुस्त कर. पण नियम तुला माहीत आहे. ठिपका लाल झाल्याशिवाय मी कागदावर सही करू शकत नाही. तोंडी सांगण्यावर करून मागच्या माणसाची बदली झाली."

त्या संध्याकाळी वीज गेली ती सकाळीच आली. तिसरा दिवस, रफाएल. उजाडताच शिबेशीचा फोन.

"पाचच्या वर गेलीय. मी बायकोला आणि गाईंना टेकडीवर नेऊन आलो. शेजारी हसतात. म्हणतात, शिबेशीला बहिणीनं पाण्याची भीती घालून ठेवलीय."

"पाठवलंस?"

"पाठवलं. पुलावरून पाठवलं, रेंज येत-जात होती."

मेकलितनं 'टाकून दे' हा हुकूम काढून टाकला. तारखेचा रकाना तारीख म्हणून वाचायचाच नाही, साधी अक्षरं म्हणून आत घ्यायचा आणि मग आपल्या हातानं दिवस मोजायचे, असं तिनं लिहायला घेतलं. मी शेजारी बसून सांगत होते. बारा महिने तीस-तीसचे. पागुमे पाचाचा, चौथ्या वर्षी सहाचा. मध्येच तिनं कपाळावर हात मारला.

"आपल्या दुसऱ्या महिन्याची, तिकिम्तची तीससुद्धा! त्यांच्या दुसऱ्या महिन्याला तीस तारीख नसते. तीही दरवर्षी गळत असणार."

"म्हणजे चोर जुना आहे," मी म्हटलं.

मग तिनं आठ मशीनना कामाला लावलं. वीस मिनिटं लागतात म्हणाली. मी कॉफीचे दाणे भाजायला घेतले. सातव्या मिनिटाला लॅपटॉपनं टुण्ण केलं आणि पडदा लाल अक्षरांनी भरला. इर्जिकीतला एक जण दगड लागला म्हणून खाली बसला होता आणि त्याच्याकडं बघून उरलेले सात.

दगड बघितला. दक्षिणेकडच्या कुणा पट्टीवाल्यानं शेरा लिहिला होता, पाणी लाल, गढूळ, वासरू मेलेलं. शब्दांमधल्या स्वल्पविरामांना मशीन रकान्यांच्या भिंती समजलं आणि वासराला कुठं बांधावं ते त्याला कळेना. मेकलितनं ते नीट केलं. परत लावलं. नऊ मिनिटं. परत लाल. एक फाईल अगदी रिकामी, नावापुरती. ती ओलांडली. परत लावलं. चार मिनिटं. यावेळी ओळींच्या जागी भलतंच. उघडून बघितलं तर फोटो. कुण्या बहाद्दरानं आकड्यांच्या जागी बहिणीच्या लग्नाचा फोटो पाठवला होता.

"नवरी बरी आहे," मी म्हटलं.

"इमामा!"

बाहेर पाऊस सुरू झाला. खालच्या अंगणात बायका पोरांना घेऊन उघड्यावर आल्या, तोंडं वर करून उभ्या राहिल्या, हसायला लागल्या. आमच्या गावात या घटकेला काय चाललं असेल ते मला चौथ्या मजल्यावरून दिसत होतं. मी खिडकी लावून घेतली. कॉफी करपली होती.

"असं एकेक दगड काढत बसलीस तर संध्याकाळ होईल," मी म्हटलं.

"मग काय करू? परत टाकून दे म्हणू?"

"आपण टेफ पाखडतो तेव्हा काय करतो? दाणा राईपेक्षा बारीक. सुपातून जे उडतं ते आपण फेकतो का? दुसऱ्या चादरीवर पडू देतो. पाखडायचं थांबवत नाही. नंतर ती चादर परत बघतो, कारण तिच्यात दाणा असतोच."

मग तिनं लिहिलं. वाचता येईल ते या ढिगात. वाचता येणार नाही ते थांबू नकोस, फेकूही नकोस, दुसऱ्या ढिगात ठेव आणि कुठल्या फायलीतून आलं ते नाव वर लिही. मला वाटलं होतं त्याला तास लागेल. तिला दहा मिनिटं लागली. म्हणाली, हे अवजाराला आधीपासून येत होतं, मीच कधी विचारलं नव्हतं.

परत लावलं. सात मिनिटं गेली, नऊ गेली. बाळ झोपलं. पंधराव्या मिनिटाला आमचं नेट गेलं आणि मेकलित इतकी मोठ्यानं ओरडली की बाळ उठलं. पण काम ऑफिसातल्या मशीनवर चाललं होतं, ते थांबलं नव्हतं. नेट आलं तेव्हा संपलेलं होतं. दुपारचं जेवण टळून गेलं होतं.

चारशे ठिपक्यांपैकी कितीतरींचे रंग बदलले. आमचा हिरव्याचा पिवळा झाला. लाल नाही.

"का?" मी विचारलं.

तिनं दुसरा ढीग उघडला. त्यात आमच्या पट्टीचं नाव होतं. शिबेशीची सकाळची फाईल पुलावरून येता येता तुटली होती. तारीख होती, तेरावा महिना, तीन तारीख. आकड्याच्या जागी पाच आणि एक टिंब. टिंबाच्या पुढं काही नाही.

"वहीतला आकडा विचारते त्याला," मी म्हटलं.

"विचार. पण त्याचा उपयोग नाही. सकाळी वाचलेला आकडा आहे, आठ तास होऊन गेले. लाल व्हायला सहा तासांच्या आतला आकडा लागतो. नियम मशीनमध्येच आहे, नाहीतर शिळ्या आकड्यावर गावं उठतील." तिनं बोट कळफलकावर ठेवलं. "मी हातानं एखादा आकडा घालू शकते, इमामा. कुणाला कळणार नाही. पण तो चुकला, पाणी आलं नाही, तर पुढच्या वेळी लेगेसे कागद बघूनसुद्धा उठवणार नाही."

मी शिबेशीला फोन लावला. तो टेकडीवर होता, गाईंजवळ. वारा ऐकू येत होता.

"नवा आकडा हवाय," मी म्हटलं. "आत्ता."

"संध्याकाळी वाचायचाच आहे की."

"संध्याकाळपर्यंत वस्ती नसेल."

तो चालत कडेला गेला, वारा जास्त ऐकू यायला लागला. मग म्हणाला, "एतेये, इथून मला नदी दिसतेय. साडेपाचच्या वर आहे, डोळे मिटून सांगतो. साडेपाच लिहून पाठवू?"

मलाही माहीत होतं साडेपाचच्या वर आहे. पस्तीस वर्षं त्या पाण्याकडं बघितलेल्या माणसाला ते अदिसच्या स्वयंपाकघरातूनही कळतं. हो म्हणायला मला एक शब्द लागला असता. पण माझ्या वहीत एकही आकडा मनाचा नाही, आणि माझ्यासमोर माझी नात बसली होती. एका सोयीच्या हुकुमापायी पस्तीस वर्षांचे पागुमे कसे गेले, ते तिनं काल डोळ्यांनी बघितलं होतं. आज त्याच्यावर मनाचा आकडा बसवायचा?

"नको," मी म्हटलं. "बघून लिही. वरचा खांब दिसतो तेवढ्यावर थांब. दुसऱ्या खांबाच्या खाली पाऊल टाकायचं नाही. ऐकलंस?"

"तू इथं असतीस तर कुठवर उतरली असतीस?"

"मी तुझी मोठी बहीण आहे. मी विचारतेय, तू नाही."

"बरं बाई," तो हसला. "पणतूला सांग, तुझी पणजी शहरात जाऊनही सुधारली नाही."

मग आम्ही वाट बघितली. मेकलितनं फाईल आली की लगेच वाचायला लावायची तयारी करून ठेवली, फक्त आमची एक, सगळा देश नाही. मी उभी होते. मला आठवतं, मी टेबलाच्या कडेला धरलं होतं आणि नखात लाकडाचा चुरा गेला होता. पाव तास. वीस मिनिटं. एक ओळ आली.

महिना तेरा, तीन तारीख. पाच पंच्याऐंशी. शेरा होता, दुसरा खांब बुडाला, पुलाची कमान दिसत नाही.

मशीननं ती ओळ एका दमात वाचली. ठिपका लाल झाला. हेनोकनं दहा मिनिटांत सही केली. त्यानं लेगेसेला स्वतः फोनही केला, हे मला नंतर कळलं. आणि लेगेसेबद्दल खरं तेच सांगायला हवं. कागद हातात आल्यावर त्या माणसानं कुणाची वाट बघितली नाही. देवळाची घंटा वाजवायला लावली आणि स्वतः घराघरात शिरून म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन बाहेर काढलं. लोक रफाएलच्या पावसात भिजलेलेच होते, तसेच ओल्या अंगानं, पोरं, कोंबड्या आणि मुसळं घेऊन टेकडी चढले. कुणी हसत होतं, कुणी लेगेसेला शिव्या देत होतं की शेळ्या पुन्हा जाणार. दिवस बुडायच्या आधी खालच्या वस्तीच्या आढ्यांना पाणी लागलं.

मी शिबेशीला फोन लावत होते. लागत नव्हता. मला वाटलं, रेंज नसेल. मेकलितला वाटलं, तो लोकांना चढवायला मदत करत असेल. लेगेसेनं टेकडीवर माणसं मोजली. दोनशे बारा घरांची सगळी होती, एक सोडून. शिबेशीची बायको म्हणाली, ते पट्टीवर गेले ते परत आलेच नाहीत.

एका धनगरानं पलीकडच्या काठावरून बघितलं होतं. शिबेशी पहिल्या खांबाजवळ उभा होता, माझं ऐकून, दुसऱ्याच्या खाली गेला नव्हता. फोन हातात धरून रेंजसाठी हात वर करत होता. मग हात खाली आणला, फोन खिशात ठेवला, वळला. तेव्हा काठ खांबासकट गेला. धनगर म्हणाला, आवाजसुद्धा झाला नाही, नदीचाच इतका होता.

मी दुसऱ्या दिवशी निघाले. रस्ता दोन ठिकाणी तुटला होता. मेकलित येते म्हणत होती, मी येऊ दिलं नाही, अंगावरचं बाळ. बस चालत होती आणि मी सारखी उठत होते, ड्रायव्हरनं दोनदा खाली बसवलं. गावी पोचले तेव्हा नवं वर्ष लागलं होतं आणि टेकडीवर पोरी पिवळ्या फुलांच्या जुड्या घेऊन दारोदार गात फिरत होत्या, कारण वर्ष कुणासाठी थांबत नाही. शिबेशीच्या बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी तिला सांगितलं की त्याला मीच खाली पाठवलं होतं. तो साडेपाच लिहितो म्हणाला होता आणि मी नको म्हटलं होतं. ती म्हणाली, "माहीत आहे. जाताना सांगून गेले." माफ केलं असं ती पुढं कधी म्हणाली नाही, आणि मीही तिच्याकडून ते मागितलं नाही.

मेकलितनं त्या महिन्यात सगळ्या वह्या नव्यानं वाचून घेतल्या. माझे पस्तीस पागुमे परत आले. दुसरा ढीग ती आता रोज सकाळी उघडते, शाबासकीची वाट न बघता. ऑफिसनं पट्टीची जागा बदलून वर घेतली, तिथून माणसाला उतरावं लागत नाही. दोन वर्षं मी तिथं लिहिलं, मग डोळे गेले.

प्रेत चार दिवसांनी नदीच्या खालच्या वळणावर बाभळीत अडकलेलं मिळालं आणि आम्ही ते टेकडीवरच्या देवळाच्या आवारात पुरलं. माझा धाकटा भाऊ शिबेशी वोल्देयेस, वय चौसष्ट, मेकलितचा मुलगा जन्मला त्या वर्षीच्या पागुमे महिन्याच्या तीन तारखेला, दिवस बुडायला तीन तास असताना, पट्टीवर वारला.